चेंबरच्या मशीनवरचं नाव

“हळू बोल, बाळ. आता तो येईल,” काकी म्हणाल्या आणि त्यांनी आपली खुर्ची स्क्रीनच्या आणखी जवळ ओढली.

मी टेबलाखाली घुसून वायर शोधत होते. तासगावचं मार्चातलं ऊन, वर पत्रा, खाली मी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

“आणखी कुणी नको हं आता काकी,” मी खालूनच म्हटलं. “सकाळपासून तुमच्या आप्पांनी डोकं खाल्लंय ते पुरे आहे. कोण येणार आहे?”

“आमचा सन्मती.”

“मुलगा का? मग बरंच झालं. हे गुऱ्हाळ त्यानंच मांडलंय ना? येऊ दे, मी त्यालाच धरते.”

मी अंगावरची धूळ झटकत वर आले, तर काकी स्क्रीनवर बोट ठेवून बसलेल्या. स्क्रीनवर नावांची यादी होती. ऑफिसातल्या एकेका माणसाचं नाव, त्याच्या पुढं तो ज्या मशीनवर बसलाय त्याचं नाव, आणि अलीकडं एक ठिपका. जो नेटवर असेल त्याचा ठिपका हिरवा, बाकीचे राखाडी. जेवणाची वेळ असल्यानं सगळे राखाडीच होते. काकींचं बोट ज्या नावाखाली होतं, ते इंग्रजीत लिहिलेलं होतं, सन्मती.

आम्ही बघत होतो तोवर तो ठिपका हिरवा झाला.

काकींनी श्वास सोडला. हात जोडले, पदर सावरला आणि उठल्या. “चला, आता दोन घास खाते,” त्या म्हणाल्या.

“आला वाटतं साहेब,” मी हसत म्हटलं. “कुठं बसतो तो? खाली?”

त्या दारापर्यंत गेल्या होत्या. तिथंच थांबल्या. “कुठं असतो ते मला कसं कळणार, पोरी? दोन वर्षांमागं ट्रॉलीला गाडी धडकली त्याची. दवाखान्यापर्यंतसुद्धा न्यावं लागलं नाही.”

आणि त्या जेवायला गेल्या. ठिपका तसाच हिरवा होता.

तसं बघाल तर मी भुताखेतांना भिणारी बाई नव्हे. आमच्या मिरजेच्या कुंभारगल्लीत भुतांपेक्षा भुतांच्या गोष्टी सांगणारे जास्त. मला भीती वाटायची ती गिऱ्हाइकांची. सांगलीच्या एका कंपनीत मी नोकरीला होते. हिशेबाची सॉफ्टवेअरं दुकानांत, गोदामांत बसवून द्यायची, ती नेटला जोडून द्यायची, हे माझं काम. आता त्याला बरीच वर्षं झाली. मगदुमांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. खाली ऑफिस आणि बेदाण्याच्या पेट्या ठेवायचे गार चेंबर, वरच्या मजल्यावर घर. हंगाम तोंडावर आला होता, नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते काही केल्या नेटला लागत नव्हतं, म्हणून मला पाठवलं होतं.

लागत नव्हतं त्याचं कारण हे वरच्या खोलीतलं मशीन. पूर्वी पुष्कळ ठिकाणी अशीच पद्धत होती. नेटची लाइन एकच, ती एका कॉम्प्युटरला जोडायची आणि बाकीच्यांनी त्याच्यातून बाहेर जायचं. त्याला म्हणायचं प्रॉक्सी. घराला दार एकच आणि दारात एक जण बसवलेला. तो विचारणार, नाव काय तुझं, पासवर्ड काय, आणि मगच सोडणार. सन्मतीनं हे सगळं स्वतः बसवलं होतं आणि अगदी नेटकं बसवलं होतं. पण आता नवीन राउटर आला होता, आणि माझं नवं सॉफ्टवेअर त्या जुन्या दारातून जाईना. म्हणजे दार काढायचं, प्रत्येक मशीन सरळ नेटला जोडायचं आणि मोकळं व्हायचं. साधं काम होतं.

मी त्या हिरव्या ठिपक्यापुढचं मशीनचं नाव वाचलं. ‘चेंबर’.

तेवढ्यात त्रिशला चहा घेऊन वर आली. सन्मतीची बायको. ऑफिसातले कॉम्प्युटर तीच बघायची, मला फोनही तिनंच केला होता. तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरीनं. तिनं आधी स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आईंनी सांगितलं वाटतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“सांगितलं. चेंबरच्या मशीनवर कोण बसतं गं?”

“कुणीच नाही. चेंबरचं तापमान बघायला ते ठेवलंय. ऑपरेटर सकाळी बघतो आणि संध्याकाळी बघतो. दुपारी तिकडं कुत्रंसुद्धा जात नाही, एवढा गारठा असतो.”

“मग हे नाव कोण घालतंय? मेलेल्या माणसाच्या नावानं कुणीतरी नेट वापरतंय, त्रिशला. यात भूतबीत काही नाही. पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?”

“सगळ्यांनाच. सगळ्यांचा एकच ठेवलाय त्यांनी, गाडीचा नंबर.” तिनं कप खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. “शैलाताई, कुणाला सांगणार नसाल तर सांगते. आधी मीच घालत होते.”

मी उचललेला कप परत खाली ठेवला.

“ते गेल्यावर आईंनी एकाशन धरलं. दिवसातनं एकदाच जेवायचं, एका बैठकीला. आमच्यात धरतात तसं. पण इथं या खोलीत येऊन बसायच्या, या नावाकडं बघत, आणि जेवायचंच विसरायच्या. सूर्य मावळला की मग पाणीसुद्धा नाही. असे तीन-तीन उपास घडायला लागले. एकदा चक्कर येऊन जिन्यात पडल्या. मला काही सुचेना. एक दिवस दुपारी खाली गेले आणि चेंबरच्या मशीनवर त्यांचं नाव घातलं. वर येऊन बघते तर आई ताट वाढून घेत होत्या.”

“आणि तेव्हापासून रोज?”

“रोज. दिवाळीपर्यंत.”

“दिवाळीपर्यंत म्हणजे? आत्ता माझ्या डोळ्यांदेखत ठिपका लागलाय.”

त्रिशलाचा आवाज एकदम खाली गेला. “तेच तर. दिवाळीत मी माहेरी निपाणीला गेले आठ दिवस. येताना जीव मुठीत धरून आले, म्हटलं आईंनी आठ दिवस काही खाल्लं नसेल. तर आई म्हणाल्या, ‘दोन दिवस सोडले तर तो रोज येत होता की.’ मी घातलं नाही, तरी नाव यायला लागलंय. मी पुन्हा एकदासुद्धा घातलं नाही.”

“जाऊन बघितलं नाहीस?”

“बघितलं. ठिपका लागल्या लागल्या धावत गेले. खोलीत कुणी नव्हतं. चेंबरचा कॉम्प्रेसर धडधडत होता, गारठ्यासाठी वापरतात त्या अमोनियाचा वास नाकात. मी खुर्चीवर हात ठेवला. त्या गारठ्यात गादी गरम होती, शैलाताई.”

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

“निपाणीच्या हायस्कुलात मला नोकरी लागलीय,” ती म्हणाली. “सोमवारी हजर व्हायचंय. भावानं खोली बघून ठेवलीय. मी अजून इथं कुणाला सांगितलं नाही. रोज ठरवते, आज सांगू. दुपार झाली की ठिपका लागतो. मग वाटतं, ते इथं आहेत. ते असताना मी कशी जाऊ? त्यांना इथं ठेवून मी माझा संसार दुसरीकडं मांडू?”

“अगं, शिकलेली तू...”

“ज्याचं जळतं त्याला कळतं, ताई.” तिनं पदरानं डोळे पुसले. “तुम्ही ते मशीन काढून टाका. त्यांचं येणं बंद झालं तर मला जाता येईल. नाही झालं तर मी काही जात नाही.”

माझ्यासाठी प्रॉक्सी काढणं म्हणजे डाव्या हातचा मळ होता. आता ते तसं राहिलं नाही.

खाली ऑफिसात गादीवर आप्पा, काकींचे मालक, बसले होते. सत्तरीकडं झुकलेला खणखणीत गडी, पांढरी टोपी, तोंडात लवंग. सगळ्या तालुक्यात त्यांच्या रागाची ख्याती.

“आप्पा, वरचं मशीन उद्या येऊन काढते.”

“चालतंय ते चालू दे की.”

“चालत नाही म्हणून तर आलेय.”

“तू आमच्या मंडळींचं खूळ बघितलंस न्हवं?” ते एकदम म्हणाले. “मेलेला पोरगा म्हणे कॉम्प्युटर लावतोय. गावात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. मी बोलायचंच सोडलंय तिला.”

“मग तर काढलेलंच बरं.”

आप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. “काढ,” शेवटी म्हणाले. “तुमचं तुम्हाला कळतंय. पण दुपारचं जेवण होऊ दे आणि मग काढ. तिला उपाशी ठेवू नको.”

दगडाला पाझर फुटतो म्हणतात तो असा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पोचले. ऑफिसातली मशीनं एकेक करून सरळ केली. सेटिंगच्या खिडकीत जायचं, ‘प्रॉक्सी वापरा’समोरची खूण काढायची, नाव-पासवर्ड पुसायचे, ओके. नवं सॉफ्टवेअर लगेच नेटला लागलं. राहिलं फक्त चेंबरचं मशीन आणि वरचं दार. दुपार होत आली होती, म्हणून मी वर गेले.

काकी जागेवर होत्या. पण आज त्या स्क्रीनकडं बघत नव्हत्या, माझी वाट बघत होत्या. त्रिशला दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक.

“शैला, ये,” काकी म्हणाल्या. “त्याचं नाव काढून टाक यातनं. आत्ता काढ.”

“काकी, आप्पा म्हणालेत जेवण झाल्यावर...”

“त्यांचं राहू दे. मी आज जेवले नाही तर मरत नाही.” त्यांनी त्रिशलाला हाताला धरून जवळ ओढली. “हिच्या भावाचा मला फोन आला होता. सोमवारची नोकरी आहे, आणि ही बया मला तोंडानं सांगत नाही. का? तर ही गेली की माझ्यासाठी ठिपका कोण लावणार!”

“आई...”

“गप. मी काय खुळी आहे? गेलेला माणूस कॉम्प्युटर लावत नाही एवढं मला कळतं. पहिल्या दिवसापासनं ठाऊक आहे मला, हे तुझं काम. तू धापा टाकत जिना चढून यायचीस आणि मग माझ्या ताटाकडं बघायचीस. दिवाळीत माहेरी गेलीस तेव्हाही कुणाला तरी सांगून गेली असणार. म्हटलं, पोरगी एवढा जीव टाकती, जेवावं हिच्यासाठी. मी रोज तुझ्यासाठी जेवले. आता तू माझ्या जेवणापायी इथं अडकलीस. म्हणून म्हणते, काढ गं ते नाव.”

त्रिशला रडायलाच लागली. “आई, मी नाही हो. दिवाळीपासनं मी घातलंच नाही. तुमच्या गळ्याची शप्पथ.”

काकी तिच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघितलं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच बघावं तसं त्या नावाकडं बघितलं.

“मग कोण?” त्या म्हणाल्या.

काही सुचेना झालं की माझे हात चालतात. मी यादी उघडली, सन्मतीचं नाव निवडलं आणि विचारलं, “काढू?”

“काढ,” काकी म्हणाल्या.

मी काढलं. यादी एका ओळीनं वर सरकली. त्रिशलानं काकींचा दंड घट्ट धरला होता.

मग खाली एक लाल ओळ उमटली. सन्मती, चेंबर, प्रवेश नाही.

त्रिशला किंचाळली. लगेच दुसरी ओळ. सन्मती, चेंबर, प्रवेश नाही. मग थोडा वेळ काही नाही, आणि मग तिसरी.

“तो दारात उभा आहे,” काकी ताडकन उठल्या. “अगं, बाहेर ठेवलंस त्याला! घे आत! त्याला आत घे आधी!”

मी तिथं थांबलेच नाही. जिना कसा उतरले मला आठवत नाही. ऑफिस ओलांडलं, पेट्या ठेवायचा ओटा ओलांडला. चेंबरच्या बाजूला गेलं की उन्हाळा संपतो. एकदम थंडी भरते, बेदाण्याचा गोड आंबट वास आणि त्यात अमोनिया. त्या छोट्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून कीबोर्डाचा आवाज येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. मी दार ढकललं.

आप्पा बसले होते. टोपी मांडीवर, चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकायला आलेलं. एका बोटानं एकेक अक्षर शोधत मुलाचं नाव घालत होते.

“आज आत घेईना की गं ते,” मान न वळवता ते म्हणाले. त्यांना त्रिशला आली असं वाटलं असावं, की आणखी कुणी, देव जाणे. मग त्यांनी मला बघितलं. एवढा खणखणीत माणूस, चोरी पकडल्यागत झाला. “काढलंस व्हय? जेवण होऊ दे म्हणालो होतो मी. ती जेवायची राहील आता.”

मी बोलायच्या आत मागं पावलं वाजली. काकी आल्या होत्या, अनवाणी, त्रिशलाच्या आधारानं.

“तुम्ही?” काकी म्हणाल्या.

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. “दिवाळीत ही माहेरी गेली. तू दोन दिवस काही खाल्लं नाहीस. मला करून घालता येत नाही, बोलता येत नाही. हे तेवढं येतं. त्यानंच शिकवलं होतं मला, इथंच बसवून.” मग त्रिशलाकडं बघून म्हणाले, “तू एकदा धावत आलतीस. मी त्या मागच्या दारानं चेंबरमध्ये शिरलो. पेट्यांमागं उभा होतो.”

त्रिशला मटकन एका पेटीवर बसली. हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. “आप्पा,” ती म्हणाली, “मी जायची थांबले हो. ते येतात म्हणून.”

म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं.

“म्हणजे रोज तुम्हीच,” काकी सावकाश म्हणाल्या. “रविवारी पण?”

“रविवारी कसा? रविवारी मी कुंभोजला असतो, बाहुबलीच्या दर्शनाला. रविवारी खाली कुलूप असतं.”

“रविवारी पण यायचा तो,” काकी म्हणाल्या. “एक रविवार चुकला नाही.”

चेंबरचा कॉम्प्रेसर धडधडत होता. तिघं माझ्याकडं बघायला लागली, मी कुणी मांत्रिक असल्यासारखं. “होतं असं कधीकधी,” मी म्हटलं. “तापमानाचं सॉफ्टवेअर आपोआप नेटला जायला बघतं. नाव त्यात भरलेलंच असतं ना.” एवढं बोलून मी सेटिंगची खिडकी उघडली. नाव भरलेलं होतं. पासवर्डचा चौकोन रिकामा होता. पासवर्ड नसताना त्या दारातनं कुणी बाहेर पडू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. आजवर नाही सांगितलं.

“एवढं नाव पुसलं की झालं,” मी म्हटलं.

“मी पुसतो,” आप्पा म्हणाले.

सगळं एकदम निवडून पुसता येतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. ते शेवटून एकेक अक्षर काढायला लागले. एक बटण दाबायचे, थांबायचे, बघायचे. नाव मागून तुटत गेलं. पहिलं एकच अक्षर उरलं, तेव्हा त्यांचं बोट थांबलं. बटणावर होतं, पण दाबलं जाईना. “मला नाही व्हायचं,” ते म्हणाले. काकींनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्रिशला उठली. तिनं आप्पांचं बोट अलगद बाजूला केलं आणि ते बटण दाबलं. चौकोन मोकळा झाला. आत एक उभी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

“जाते मी,” ती म्हणाली. काकींना म्हणाली, आप्पांना म्हणाली, की त्या चौकोनाला, कुणास ठाऊक. आपल्याकडं निघताना बाई ‘जाते’ म्हणाली की घरातली म्हातारी माणसं तोंडावर बोट ठेवतात, ‘येते म्हण’ म्हणून दटावतात. काकी वळल्या. तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

“जा,” त्या म्हणाल्या.